रस्त्याखालचा नळ

[नळ सोडला की पाणी येते. पण ते कोणत्या वाटेने येते आणि ती वाट जुनी झाली तर काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पुणे शहरात पाण्याचे जुने नळ का बदलावे लागतात आणि ते काम कसे चालते, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही पहिले काम कोणते करता? तोंड धुता. त्यासाठी नळ सोडता. पाणी आले तर त्या नळाकडे तुमचे लक्षही जात नाही. पाणी आले नाही तर मात्र घरात गडबड उडते. आई रिकामी कळशी वाजवून पाहते. वडील शेजारी चौकशी करतात. कोणीतरी बादली घेऊन खालच्या मजल्यावर धावते.

अशी कल्पना करा, की तुम्ही पुण्याच्या गंज पेठेत राहता. मोमीनपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत तुमचे घर आहे. एके दिवशी सकाळी गल्लीत कुदळ-फावड्यांचा आवाज येतो. तुम्ही दारात येऊन पाहता, तर रस्ता खणलेला! मातीचे ढीग पडलेले. सायकल बाहेर काढायलाही वाट नाही. तुमची दादी वैतागून म्हणते, "आत्ता कुठे रस्ता चांगला झाला होता. पुन्हा का खणला?"

खड्ड्यात उभे असलेले फिटरकाका हसतात आणि वर पाहून म्हणतात, "दादी, तुमच्याच पाण्यासाठी खणलाय. जुना नळ बदलायचाय."

मग ते कापून काढलेला नळाचा एक तुकडा वर ठेवतात. तुमच्याकडे बघून म्हणतात, "बाळ, हा बघ तुमच्या गल्लीचा नळ. बाहेरून केवढा जाडजूड दिसतो! आता आत बघ."

तुम्ही वाकून आत पाहता. नळ चार इंची आहे. पण आत सगळीकडे गंजाच्या तपकिरी गाठी वाढलेल्या आहेत. मधून एखादे लिंबू कसेबसे जाईल एवढीच वाट उरली आहे. तुमच्या मनात येते, 'इतकी वर्षे आम्ही याच नळाचे पाणी प्यायलो?'

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. पुण्यात पाणी आणले कोणी आणि कसे, हे आधी पाहू या.

पूर्वी पुण्यातले लोक विहिरींचे आणि नदीचे पाणी वापरत. वस्ती वाढली तसे ते पाणी पुरेना. तेव्हा अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथील तलावाचे पाणी शहरात आणण्याची योजना केली. कात्रज उंचावर आहे, शहर सखल भागात आहे. त्यामुळे पंपाची गरज नव्हती. दगड-चुन्याने बांधलेल्या बंदिस्त भुयारातून पाणी उताराने आपोआप वाहत शनिवारवाड्यापर्यंत येई. वाटेत पेठापेठांतून हौद बांधले होते. त्या हौदांवर लोक पाणी भरत.

'हौद' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? उर्दूतला 'हौज' तो हाच. मराठीत येऊन तो 'हौद' झाला. पाणी वाहून आणणाऱ्या भिश्तीची पखालही तुम्ही ऐकली असेल. पुण्याच्या आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबर याने औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशीच जमिनीखालून नहर आणली होती. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात.

कात्रजच्या भुयाराची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वाटेवर ठिकठिकाणी उभे बांधीव झरोके ठेवलेले होते. त्यांना उच्छ्वास म्हणत. त्यांतून आत हवा जाई. तिथून भुयारात उतरून साचलेला गाळही काढता येई. म्हणजे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, की पाण्याची वाट एकदा बांधून भागत नाही. ती वरचेवर साफ करावी लागते. बांधणाऱ्याने निगा राखणाऱ्यासाठी दार ठेवले होते.

पुढे इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले. धरणाचे पाणी शहरात येऊ लागले. हळूहळू रस्त्याखाली लोखंडी नळ पुरले गेले आणि पाणी हौदावरून घराच्या दारात आले. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून पुण्याची तहान भागवतात.

नळ आले आणि लोक हौदांना विसरले. पण १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठेला महापूर आला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा शहराचे नळ कोरडे पडले होते. चहूकडे पाणी होते, पण प्यायला पाणी नव्हते! त्या दिवसांत जुन्या विहिरी आणि हौद लोकांच्या उपयोगी पडले. रोज सहज मिळणाऱ्या गोष्टीची किंमत ती हरवल्यावर कळते, ती अशी.

आता धरणातले पाणी तुमच्या घरी कसे येते ते पाहा. धरणाचे पाणी प्रथम पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. तिथे तुरटीसारखी द्रव्ये घालून गाळ खाली बसवतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनमुळे रोगजंतू मरतात. हे शुद्ध पाणी मोठ्या टाक्यांत चढवतात. टाकीतून जाड नळ निघतात. त्यांना मुख्य जलवाहिन्या म्हणतात. त्यांना पेठेतले लहान नळ जोडलेले असतात. त्या लहान नळांतून प्रत्येक घराला बोटभर जाडीची जोडणी दिलेली असते. झाडाच्या बुंध्याला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या असाव्यात, तशी ही रचना आहे. फरक एवढाच, की झाड वर दिसते आणि हे झाड जमिनीत पुरलेले असते.

जुने नळ बहुतेक ओतीव लोखंडाचे आहेत. या लोखंडाला बीड असेही म्हणतात. बीड मोठे टिकाऊ असते. फ्रान्समधील व्हर्साय येथे राजवाड्याच्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात पुरलेले बिडाचे नळ तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. पण प्रत्येक नळाचे नशीब तसे नसते. पाण्यामुळे लोखंड आतून गंजते. गंजाच्या गाठी वाढत जातात. बाहेरून ओली माती लोखंड खाते. रस्त्यावरून जड गाड्या गेल्या की नळाला हादरे बसतात. दोन नळांमधले सांधे सैल होतात. घरात येणारी लोखंडी जोडणी तर पातळ असते. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तरी ती मोठ्या नळापेक्षा फार आधी झिजते.

गंजाने किती पाणी अडते? गणित करून पाहू. चार इंच व्यासाच्या नळाची आतली वाट दोन इंचांची झाली, तर पाणी निम्मे येईल असे तुम्हांला वाटेल. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरते. शिवाय गाठींच्या खडबडीत अंगाला घासून पाण्याचा जोर आणखी कमी होतो. म्हणजे पाणी पाव हिश्शापेक्षाही कमी येते. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना थोडेफार मिळते. गल्लीच्या टोकाच्या घरात मात्र थेंब थेंब पडतो.

कमी पाण्याचा त्रास तरी दिसतो. न दिसणारा धोका त्याहून मोठा आहे. फिटरकाकांनी दाखवलेला खड्डा आठवा. पेठेतल्या अरुंद गल्लीत पाण्याचा नळ आणि मैलापाण्याची वाहिनी एकमेकांपासून फार दूर नसतात. काही ठिकाणी घराची जोडणी गटारातूनच गेलेली असते. नळात पाणी जोरात भरलेले असेल, तर भोकातून ते बाहेर उडते; बाहेरची घाण आत येत नाही. पण आपल्याकडे बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात. चावी बंद झाली की नळ रिकामा होतो. रिकाम्या नळात आतला दाब नाहीसा होतो. अशा वेळी भोकातून आणि सैल सांध्यातून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की तीच घाण सर्वांत आधी आपल्या हंड्यात पडते. केंद्रात शुद्ध केलेले पाणी वाटेत अशुद्ध होते. मग कावीळ, जुलाब, विषमज्वर हे रोग घरोघर पसरतात. त्यांचा पहिला फटका लहान मुलांना बसतो.

घाणेरड्या पाण्याने रोग पसरतो, हे आज आपण सहज बोलतो. पण एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते पटत नव्हते. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. रोग वाईट हवेने पसरतो, असे तेव्हा लोक समजत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मरण पावलेल्या माणसांची घरे नकाशावर मांडली. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती होती. त्याने अधिकाऱ्यांना सांगून त्या पंपाचा दांडा काढायला लावला. नंतर कळले, की जवळच्या एका मैलाखड्ड्यातली घाण झिरपून त्या विहिरीत जात होती. जमिनीखाली दोन वाटा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि वर राहणाऱ्या कोणालाच ते दिसत नव्हते.

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. फुटक्या नळांतून घाण आत येते, तसे चांगले पाणी बाहेरही जाते. पुण्यात शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाण्याचा हिशेब लागत नाही, असा अंदाज आहे. शंभर हंडे भरून पाठवावेत आणि साठच पोहोचावेत, असा हा प्रकार आहे. त्यातले काही पाणी गळून जाते, काही चोरीला जाते, काही मोजलेच जात नाही.

ही गळती शोधणे सोपे नसते. रात्री रस्ता शांत झाला की पाणी खात्याची माणसे निघतात. लोखंडी दांड्याचे एक टोक नळावर किंवा झडपेवर टेकवतात आणि दुसरे टोक कानाला लावतात. डॉक्टर छाती तपासतात तशी ही तपासणी असते. गळणाऱ्या नळातून बारीक 'सूं' असा आवाज येतो. अनुभवी माणूस त्या आवाजावरून जागा ओळखतो.

एखादी गळती थिगळ लावून बुजवता येते. पण जुन्या कापडाला किती थिगळे लावणार? एकीकडे शिवावे तर दुसरीकडे फाटते. अशा वेळी नळच बदलावा लागतो. तो कसा बदलतात?

प्रथम पाहणी करतात. जुन्या पेठांमध्ये जमिनीखाली काय काय पुरले आहे, याचा पुरा नकाशा अनेकदा मिळत नाही. विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा, मैलावाहिन्या, सगळे तिथेच असते. म्हणून आधी लहान खड्डे घेऊन खात्री करून घेतात. मग जुन्या नळाला हात न लावता त्याच्या बाजूने नवा नळ टाकतात. तोपर्यंत लोकांना जुन्याच नळाने पाणी मिळत राहते. नवे मोठे नळ लवचीक जातीच्या लोखंडाचे असतात. त्यांना आतून सिमेंटचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे गंज धरत नाही. सांध्यात रबराचे कडे बसवतात. घरच्या जोडणीसाठी आता न गंजणारे प्लास्टिकचे नळ वापरतात.

नळ टाकला की लगेच पाणी सोडत नाहीत. आधी त्यात जोराने पाणी भरून कुठे गळते का ते पाहतात. मग नळ धुऊन काढतात. क्लोरीनच्या पाण्याने तो जंतुरहित करतात. त्यानंतर एकेका घराची जोडणी जुन्या नळावरून काढून नव्या नळावर घेतात. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे असते. जुना नळ दोन्ही टोकांनी कायमचा बंद करावा लागतो. तो तसाच चालू राहिला, तर पाणी जुन्या भोकांतून गळतच राहते आणि सगळा खर्च वाया जातो.

पुणे महानगरपालिकेने सगळ्या शहरासाठी असे काम हाती घेतले. त्या योजनेचे नाव 'समान पाणीपुरवठा योजना'. तिच्यासाठी २०१७ साली महापालिकेने कर्जरोखे विकून २०० कोटी रुपये उभे केले. शहराचे १४१ विभाग पाडायचे, ऐंशीहून अधिक टाक्या बांधायच्या, हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे नळ टाकायचे आणि सुमारे तीन लाख मीटर बसवायचे, असा हा मोठा बेत होता. टाकी भरलेली आणि नळ सदा दाबाखाली राहिला, तर चोवीस तास पाणी देता येते आणि घाण आत शिरत नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूर या लहानशा गावाने नवे नळ टाकून आणि मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले होते. पुण्यात मात्र काम रेंगाळले. कुठे जागा मिळेना, कुठे रस्ता खणू देईनात, कुठे लोक मीटरला विरोध करू लागले. २०२३ साल उलटले तरी अनेक भागांतले काम अपुरेच होते. धरण बांधताना सगळे पाहायला येतात. रस्त्याखालचा नळ बदलताना मात्र सगळे कुरकुर करतात. म्हणूनच असे काम मागे पडत राहते.

योजनेच्या नावातला 'समान' हा शब्द नीट वाचा. गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात, कारण जोतीराव फुले यांचे घर तिथेच आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पाणी सर्वांचे आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. आज हौदाची जागा नळाने घेतली आहे. पण प्रश्न तोच आहे. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्याला आणि टोकाला राहणाऱ्याला, बंगल्यात राहणाऱ्याला आणि वस्तीत राहणाऱ्याला, सारखे पाणी मिळते का?

या कामात तुम्ही काय करू शकता? काही लोक पाणी जास्त यावे म्हणून नळाला थेट मोटर लावतात. हे कायद्याविरुद्ध तर आहेच, पण घातकही आहे. मोटर नळातले पाणी ओढते, तशी भोकातून बाहेरची घाणही ओढते. शिवाय शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी जाते ते वेगळेच. तेव्हा घरात कोणी असे करत असेल, तर त्यांना नम्रपणे समजावून सांगा. नळाचे पहिले पाणी गढूळ आले किंवा त्याला वास आला, तर ते पिऊ नका. पाणी उकळून घ्या आणि मोठ्यांकडून महापालिकेला कळवा. रस्त्यात कुठे पाऊस नसताना ओल दिसली, तर तेही कळवा. घरातला गळका नळ दुरुस्त करून घ्या. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसभरात ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रोज चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. उन्हाळ्यात तुमच्या पेठेत लोक सबील लावतात, ज्याला मराठीत पाणपोई म्हणतात. तिथे एवढ्या पाण्यात वीस माणसांची तहान भागेल.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक सूचना नेहमी येते. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, असे तिच्यात लिहिलेले असते. ती वाचून आपण कपाळाला आठ्या घालतो. यापुढे ती वाचाल, तेव्हा त्या दिवशी कुठेतरी खड्ड्यात उतरून काम करणारी माणसेही आठवा.

चला, आता मोमीनपुऱ्यातल्या त्या गल्लीत परत जाऊ. काही दिवसांनी खड्डा बुजवला जातो. नवा नळ कुठून गेला, ते वरून ओळखूही येत नाही. दादी सकाळी नळ सोडते. स्वच्छ पाण्याची धार हंड्यात वाजू लागते. दादी फिटरकाकांसाठी चहा पाठवते. काका चहा पितात आणि तो गंजलेला तुकडा गाडीत टाकत तुम्हांला म्हणतात, "बाळ, हा नवा नळही एक दिवस म्हातारा होईल. तेव्हा तू मोठा झालेला असशील. त्या वेळी खणायला आलेल्या माणसांवर रागावू नकोस. आमचे काम तुझ्या लक्षात असू दे."

शब्दार्थ

निगा – देखभाल, काळजी
सखल – खोलगट, उतारावरचा
बंदिस्त – सर्व बाजूंनी झाकलेले
भुयार – जमिनीखालची वाट
झरोका – हवा किंवा उजेड येण्यासाठी ठेवलेली लहान जागा
पखाल – पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी
लोंढा – जोराचा प्रवाह
जलवाहिनी – पाण्याचा मोठा नळ
बीड – ओतीव लोखंड
मुलामा – पातळ थर
विषमज्वर – टायफॉइड
थिगळ – फाटक्या जागी लावलेला तुकडा, ठिगळ
कर्जरोखे – कर्ज घेतल्याची लेखी हमी देणारे कागद

वाक्प्रचार

निगा राखणे – काळजी घेणे
तहान भागवणे – पाण्याची गरज पुरी करणे
हाती घेणे – सुरू करणे
कपाळाला आठ्या घालणे – नाराजी दाखवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कात्रजचे पाणी शहरात आणण्याची योजना कोणी केली?
(आ) पानशेतचे धरण कोणत्या दिवशी फुटले?
(इ) पाण्यात क्लोरीन का मिसळतात?
(ई) गळती शोधण्याचे काम रात्री का करतात?
(उ) जोतीरावांनी आपला हौद कोणासाठी खुला केला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उच्छ्वासांचा उपयोग काय होता?
(आ) रिकाम्या नळात घाण पाणी कसे शिरते?
(इ) नवा नळ टाकल्यावर जुना नळ बंद का करावा लागतो?
(ई) नळाला थेट मोटर लावणे घातक का आहे?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(गंज, दांडा, समान, नहर)
(अ) मलिक अंबरने जमिनीखालून ......... आणली.
(आ) डॉक्टर स्नो यांनी पंपाचा ......... काढायला लावला.
(इ) सिमेंटच्या थरामुळे नळाला ......... धरत नाही.
(ई) सर्वांना ......... पाणी मिळाले पाहिजे.

प्र. ४. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "तुमच्याच पाण्यासाठी खणलाय."
(आ) "आता आत बघ."

प्र. ५. पुढील वाक्ये कंसातील सूचनेप्रमाणे बदला.
(अ) नळ गंजतो. (अनेकवचन करा.)
(आ) दादी नळ सोडते. (भूतकाळ करा.)
(इ) हे काम सोपे नाही. (अर्थ न बदलता होकारार्थी करा.)

प्र. ६. 'धरण बांधताना सगळे पाहायला येतात. रस्त्याखालचा नळ बदलताना मात्र सगळे कुरकुर करतात.' असे का होत असेल? तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि पहिले पाणी कसे दिसते, याची आठ दिवस नोंद ठेवा. गल्लीच्या तोंडाशी आणि टोकाला राहणाऱ्या मित्रांच्या नोंदींशी ती ताडून पाहा. काय फरक दिसतो, ते वर्गात सांगा.